तळाच्या गड्याचें कर्तव्य

मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रांत प्रवेश करतो आणि आमच्या नागपुरांत नवतपा लागतो. या नऊ दिवसांत रामदासपेठेच्या रस्त्यांवर भर दुपारीं चिटपाखरूं दृष्टीस पडत नाहीं. कूलरच्या ओल्या खसाचा वास आणि कैरीचें पन्हें यांवर दिवस काढावा लागतो. शाळेला सुटी, परीक्षा आटोपलेल्या आणि बाहेर ऊन. अशा वेळीं मुलांनीं घरांत बसून काय करावें, हा प्रश्न पूर्वीं पत्ते, कॅरम आणि गोष्टींचीं पुस्तकें सोडवीत असत. अलीकडे त्यांत एका नव्या खेळाची भर पडली आहे. मित्रमंडळी जमतात, प्रत्येकजण आपला एक काल्पनिक क्रिकेटसंघ निवडतो, आणि इंडियन प्रीमियर लीगच्या खऱ्या सामन्यांत त्या त्या खेळाडूनें काढलेल्या धावा व घेतलेले बळी यांवरून या काल्पनिक संघांची आपसांत हारजीत ठरते. मुलें यास 'फॅन्टसी लीग' म्हणतात.

या खेळाविषयीं पालकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हा निव्वळ जुगार आहे, तो समूळ बंद करावा. दुसरा म्हणतो, मुलें उन्हांत हिंडत नाहींत एवढेंच पुरें. आमचें मत या दोहोंपासून निराळें आहे, व तें थोडक्यांत असें कीं, हा खेळ मुलास चांगलें वळण लावील कीं वाईट, हें बहुतांशीं त्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, आणि त्यांतहि हरलेल्या मुलाच्या वागणुकीवरून ठरतें.

ज्या पालकांस हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्याकरितां थोडें स्पष्टीकरण करणें अवश्य आहे. समजा, दहा मित्र आहेत. प्रत्येकास सारखीच काल्पनिक रक्कम दिलेली असते, आणि ते खेळाडूंचा लिलाव करतात. एक खेळाडू एकाच्याच यादींत जाऊं शकतो. धावेस किती गुण, बळीस किती, झेलास किती, हें आधीं ठरवून वहींत लिहून ठेवितात. दर आठवड्यास दहाजणांच्या पांच जोड्या लागतात. ज्याच्या अकराजणांचे गुण अधिक, तो त्या आठवड्याचा विजयी. कोण दुखावला, कोणास वगळलें, हें पाहून दर आठवड्यास आपले अकरा गडी नव्यानें निवडावे लागतात. कांहीं आठवड्यांनंतर पहिले चार पुढें जातात आणि त्यांच्यांत अखेरच्या लढती होतात. त्यांस 'प्लेऑफ' असें नांव आहे. येथें एक गंमत आहे. खऱ्या स्पर्धेंत २०२२ पासून दहा संघ आहेत, आणि तिच्या प्लेऑफमध्यें चारच उरतात. तोंवर मित्रांची चुरस लांबविली, तर ज्याचे गडी बाहेर पडलेल्या सहा संघांतले, त्याची यादी बसल्या जागीं ओस पडावयाची. म्हणून शहाणीं मंडळें आपल्या अखेरच्या लढती खऱ्या स्पर्धेच्या साखळी सामन्यांच्या शेवटच्या दिवसांतच उरकून घेतात.

हा खेळ मुलांस वाटतो तितका नवा नाहीं, आणि त्याचें मूळ मोबाइलमध्यें नसून कागद-पेन्सिलींत आहे. इंग्लंडांत जन्मलेला हेन्री चॅडविक हा वार्ताहर एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत क्रिकेटचीं वृत्तें लिहीत असे. पुढें तो बेसबॉलकडे वळला, आणि क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलच्या सामन्याचा आंकड्यांचा तक्ता त्यानें रूढ केला. शंभराहून अधिक वर्षांनीं, १९८० सालीं, डॅनियल ओक्रेंट नांवाचा लेखक व त्याचे मित्र यांनीं न्यूयॉर्कांत याच आंकड्यांवर आपली काल्पनिक बेसबॉल-स्पर्धा उभारली. 'ला रोटिसरी फ्रांसेज' या उपाहारगृहांत ते जमत, म्हणून त्यांच्या खेळास रोटिसरी हेंच नांव पडलें. वर्तमानपत्रांत छापलेले आंकडे उतरून घेऊन ते हातानें बेरजा करीत, आणि वर्षाच्या विजेत्याच्या मस्तकावर 'यू-हू' नांवाच्या चॉकलेटच्या पेयाची बाटली ओतीत! क्रिकेटनें बेसबॉलला तक्ता दिला. बेसबॉलनें त्या तक्त्याचा खेळ करून तो क्रिकेटला परत दिला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. लिलावाच्या दिवशीं दहाहि मित्र उत्साहानें भरलेले असतात. पहिले तीन-चार आठवडे रोज रात्रीं वही उघडते, बेरजा होतात, वाद होतात. पुढें गुणतक्त्याच्या तळाशीं दोन-तीन नांवें स्थिर होतात. आपण आतां पहिल्या चारांत येत नाहीं, असें कळतांच तीं मुलें वही मिटतात. गडी बदलीत नाहींत, दुखावलेला गोलंदाज तसाच यादींत राहतो, विचारलें तर उत्तर येतें, "माझें काय जातें? मी तर बाहेरच आहें."

या 'माझें काय जातें' चें गणित आम्ही मुलांपुढें मांडूं इच्छितों. चवथ्या जागेसाठीं दोन मित्र झुंजत आहेत. शेवटच्या आठवड्यांत एकाची जोडी या झोपलेल्या गड्याशीं लागली. त्यास विजय फुकट मिळाला. दुसऱ्याची जोडी जागरूक गड्याशीं लागली; तो झगडून थोडक्या गुणांनीं हरला. चवथें कोण आलें? ज्याचा प्रतिस्पर्धी झोंपला होता तो. म्हणजे बाहेर पडलेल्या मुलानें कांहींच केलें नाहीं, तरी निकाल त्यानेंच लावला. आणि तो अन्यायानें लावला. बाहेर पडलेला गडी खेळाच्या बाहेर नसतो. त्याच्या हातांत स्वतःचा विजय उरलेला नसला तरी इतरांचा न्याय उरलेला असतो.

खऱ्या स्पर्धेनें याचा धडा २०२५ सालीं उत्तम रीतीनें घालून दिला आहे. प्लेऑफमध्यें पहिल्या दोन क्रमांकांस मोठें महत्त्व असतें. पहिला व दुसरा संघ यांच्यांत जो सामना होतो, त्यांत हरणाऱ्यास आणखी एक संधि मिळते; तिसरा व चवथा यांच्यांत जो हरतो, तो सरळ घरीं जातो. ही पद्धति २०११ पासून चालू आहे. त्या वर्षीं २५ मे रोजीं गुजरातचा संघ अठरा गुणांसह अग्रभागीं होता, आणि चेन्नईशीं असलेला शेवटचा सामना जिंकता तर वीस गुण होऊन त्याचें पहिलें स्थान निश्चित होतें, कारण मागच्या कोणासहि एकोणीसच्या वर जातां येत नव्हतें. चेन्नईचा संघ कोठें होता? दहांत दहावा. त्याची आशा केव्हांच संपली होती. तरी अहमदाबादेस, गुजरातच्याच मैदानावर, त्यानें २३० धावा केल्या आणि ८३ धावांनीं विजय मिळविला. चेन्नई दहावीच राहिली. पण गुजरात अखेर तिसऱ्या क्रमांकावर घसरलें, ३० मे रोजीं मुंबईशीं हरलें, आणि त्याची स्पर्धा तेथेंच संपली. पहिल्याचें भवितव्य शेवटच्यानें ठरविलें, आणि तें मैदानावर घाम गाळून ठरविलें.

दोनच दिवसांनीं, २७ मे रोजीं, लखनौ येथें पुन्हां तोच प्रकार झाला. लखनौचा संघ बाद झालेला होता; बंगळूरूला दुसरें स्थान मिळविण्यासाठीं जिंकणें भाग होतें. बाद झालेल्या लखनौनें २२७ धावा उभारल्या. कर्णधार ऋषभ पंतनें नाबाद ११८ केल्या. उत्तरादाखल आपल्या अमरावतीच्या जितेश शर्मानें, जो त्या रात्रीं बंगळूरूचा कर्णधार होता, ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून सामना जिंकून दिला. त्या डावांत लखनौच्या गोलंदाजानें चेंडू टाकण्याऐवजीं पलीकडच्या टोंकास उभ्या असलेल्या जितेशच्या यष्ट्या उडवून त्यास धावबाद करण्याचा प्रयत्न केला. पंतनें अपील मागें घेतलें. तिसऱ्या पंचाचा निर्णयहि नाबाद असाच आला. ज्या संघास कांहींच मिळवावयाचें नव्हतें, त्यानें शेवटच्या चेंडूपर्यंत झुंजहि दिली आणि सौजन्यहि राखलें. बंगळूरूनें पुढें ३ जून रोजीं अंतिम सामना पंजाबविरुद्ध ६ धावांनीं जिंकून अठराव्या हंगामांत आपलें पहिलें विजेतेपद मिळविलें. त्या विजेतेपदास जो उजाळा आहे, त्यांत बाद झालेल्या लखनौचाहि वाटा आहे; कारण झोपलेल्याशीं जिंकून मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकाची किंमत कोणी केली असती?

त्याच वर्षीं दुसराहि एक बोध मिळाला, तो नियमांविषयीं. ८ मे रोजीं धर्मशाळेस पंजाब व दिल्ली यांचा सामना चालूं असतांना सीमेवरील संघर्षामुळें तो अर्ध्यावर थांबविण्यांत आला. त्या वेळीं पंजाबच्या एक बाद १२२ धावा झाल्या होत्या आणि प्रियांश आर्यनें सत्तर केल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं सारी स्पर्धाच स्थगित झाली. ती १७ मे रोजीं पुन्हां सुरू झाली, आणि तो सामना २४ मे रोजीं जयपुरास पहिल्या चेंडूपासून नव्यानें खेळविण्यांत आला. आतां ज्याच्या यादींत प्रियांश होता त्यानें म्हणावें, "सत्तर धावा आम्ही डोळ्यांनीं पाहिल्या, त्यांचे गुण द्या", आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यानें म्हणावें, "सामनाच धरला नाहीं, मग गुण कसले?" परदेशी खेळाडूंपैकीं कांहीं परतलेच नाहींत; त्यांच्या जागीं दुसरा घ्यावा कीं न घ्यावा, हाहि प्रश्न होता. असे प्रश्न नियमांच्या वहींत आधीं लिहिलेले नसतात. ते सुटावयाचे कसे? आमच्या मतें या ठिकाणीं तळाच्या गड्याचा मोठा उपयोग आहे. ज्यास या निकालांत कांहीं मिळावयाचें नाहीं आणि कांहीं गमवावयाचें नाहीं, तोच खरा पंच. परंतु वही मिटून जो उठून गेला, त्यास पंच तरी कोण नेमणार?

येथवर आम्हीं आळसाबद्दल बोललों. आळसापेक्षां घातक असा एक शत्रु आहे; तो म्हणजे पैसा. पुष्कळ मित्रमंडळें आरंभीं 'गंमत म्हणून' प्रत्येकीं शंभर रुपये जमवितात. न्यूयॉर्कच्या त्या मूळच्या मंडळींनींहि वर्गणी ठेविली होती, असें कोणी आम्हांस सांगेल. तें खरेंहि आहे. परंतु तीं आपल्या कमाईवर जगणारीं प्रौढ माणसें होतीं, हें विसरूं नये. मुलांच्या मंडळांत पैसा आला कीं काय होतें? तळाच्या मुलाचे शंभर रुपये बुडालेले असतात. पहिल्या चारांतला एखादा त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणतो, "तुझा तो फलंदाज तुला आतां काय कामाचा? मला दे. जिंकलों तर दोनशें तुझे." जो कालपर्यंत केवळ आळशी होता, तो आज विकला जातो. शंभर रुपयांनीं घर बुडत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु हरल्यावर आपला प्रामाणिकपणा कोणास तरी विकतां येतो, हें ज्ञान मुलास शंभर रुपयांत मिळालें, तर तें फार स्वस्तांत मिळालें असें म्हणावें लागेल.

मोठ्यांच्या जगांत या पैशानें काय केलें तें सर्वांस माहीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयींचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळविण्यास त्यानें मनाई केली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीहि शिक्षा त्यांत सांगितल्या आहेत. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेविलेली नाहीं. भारतीय संघाच्या सदऱ्यावर जिचें नांव झळकत होतें, त्या 'ड्रीम इलेव्हन' कंपनीनेंहि आपल्या पैशांच्या स्पर्धा त्याच महिन्यांत बंद केल्या. कायद्यानें कंपनीचें दुकान बंद होतें. परंतु दहा मित्रांच्या वहींत कोणती नोट दडली आहे, हें पाहणें आईबापांच्या नजरेचेंच काम आहे.

मग हा खेळ बंदच करावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. जो मुलगा वहींत रोज सरासरी काढतो, त्यास दशांश अपूर्णांकांची भीति उरत नाहीं. जी मुलगी वर्तमानपत्रांतला धावफलक वाचून कोणास घ्यावें व कोणास सोडावें याचा विचार करते, ती तुलना करण्यास शिकते. लिलावांत सारी रक्कम एका मोठ्या नांवावर उधळली तर पुढें दहा जागा कशा भरावयाच्या, हा घरखर्चाचाच धडा आहे. एवढी मात्र सूचना करावीशी वाटते कीं, गुणांच्या हव्यासांत जवळचें सोनें दुर्लक्षूं नये. २०२५ सालीं २६ फेब्रुवारी ते २ मार्च या दिवसांत, रामदासपेठेपासून वर्धा मार्गानें पुढें गेलें कीं लागणाऱ्या जामठ्याच्या मैदानावर, विदर्भानें केरळविरुद्ध पहिल्या डावांतील अवघ्या ३७ धावांच्या आघाडीवर आपला तिसरा रणजी करंडक जिंकला. त्या हंगामांत हर्ष दुबे यानें ६९ बळी घेऊन रणजी स्पर्धेंतला नवा विक्रम केला. पांच दिवस एक-एक धाव जपणाऱ्या त्या झुंजीचे गुण किती मुलांच्या वहींत लिहिले गेले? पुढें मे महिन्यांत हैदराबादेनें त्याच हर्षला बदली खेळाडू म्हणून बोलाविलें, आणि तोहि प्लेऑफच्या शर्यतींतून बाहेर पडलेल्या संघाकडून अखेरचे सामने मन लावून खेळला. तळाच्या गड्याचा आदर्श आम्हांस याहून जवळ शोधावयास नको.

तरी रामदासपेठेंतील व शहरांतील इतर विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें असें आहे. मंडळांत पैसा घेऊं नका. पैचाहि घेऊं नका. नियम लिलावाच्या आधीं लिहा, कारण कोणाचा लाभ होईल हें ठाऊक नसतांना केलेला नियमच निष्पक्षपाती असतो. प्लेऑफ लागण्यापूर्वीं एक आठवडा गड्यांची अदलाबदल बंद करा, म्हणजे विकण्याघेण्याचा मोह आपोआप टळेल. वाद उपस्थित झाल्यास निवाडा तळाच्या दोघांकडे सोंपवा. पहिल्या क्रमांकास जसें कौतुकाचें पत्र देतां, तसेंच एक पत्र, तळाशीं असूनहि ज्यानें शेवटच्या रात्रींपर्यंत आपले अकरा गडी विचारपूर्वक निवडले, त्यासहि द्या. आणि बक्षीस हवेंच असेल, तर विजेत्यानें कोणाकडून कांहीं न घेतां स्वतः सर्वांस संत्राबर्फी वाटावी. जिंकणाऱ्यानें द्यावें आणि हरणाऱ्यांनीं खावें, हा रिवाज आम्हांस फार गोड वाटतो.

पालकवर्गास एकच विनंति आहे. खेळ संपल्यावर आपण मुलास विचारतां, "कितवा आलास?" त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारीत जा: "बाहेर पडल्यावर किती दिवस खेळलास?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें दैवाच्या हातीं असतें, एखादा गोलंदाज दुखावतो, एखादा सामना पावसांत वाहून जातो. दुसऱ्याचें उत्तर सर्वस्वी त्या मुलाच्या हातीं असतें. पुढें आयुष्यांत बहुतेकांस केव्हांतरी गुणतक्त्याच्या तळाशीं उभें राहावें लागतें. परीक्षेंत, नोकरींत, व्यापारांत. त्या वेळीं वही उघडी ठेवण्याची संवय ज्यास बालपणींच लागलेली असेल, त्याच्यावर शेजारी विश्वास टाकतील, सोबती त्यास पंच नेमतील, आणि पुढच्या लिलावास सर्वांत आधीं त्याला बोलावणें जाईल.